शेजाऱ्याची मागणी

आम्ही जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जो फोटो छापून आला, त्यात मी नाही. चार माणसं आहेत. सुलाक्कानं तो फोटो चौकटीत बसवून मंडईतल्या आपल्या भाजीच्या कट्ट्यामागं टांगला आहे. कोथिंबीर घ्यायला गेलो की तो समोर येतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. पाण्याच्या लढ्याच्या समितीसाठी चार वर्षं सगळीकडं घासाघीस मी केली. मांडववाल्याशी केली, छापखान्याशी केली, मोर्चाच्या रस्त्यासाठी पोलिसांशी केली. आणि शेवटच्या दिवशी मंत्र्याशी बोलणी करायला चौघं आत गेले आणि मला दाराबाहेर उभं केलं.

ज्यानं उभं केलं, तो फोटोत डाव्या टोकाला आहे. पांढरा सदरा, खिशात बॅटरी, हातात छातीइतकी उंच लोखंडी चावी. सदाशिव कांबळे. पेठापेठांत त्यांना सदबा म्हणत.

सदबा पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्याखाली, लोखंडी झाकणाच्या आत व्हॉल्व असतो. चावीवाला पहाटे येतो, झाकण उचलतो, लांब दांड्याची चावी खाली घालून फिरवतो, आणि एका गल्लीचं पाणी सुरू होतं, दुसरीचं बंद. शहरात मंत्री कोण आहे हे माहीत नसलेली माणसं असतील, पण आपल्या गल्लीचा चावीवाला माहीत नाही असा माणूस नव्हता. सदबांची सवय अशी की चावी फिरवून झाली की ते वाकायचे आणि दांड्याच्या मुठीला कान लावायचे. डोळे मिटलेले. जाणाऱ्यायेणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा पेंगतोय. मग डोळे उघडून म्हणायचे, "वरच्या आळीत कुणीतरी नळाला मोटार लावलीया," आणि खरोखरच जाऊन त्याच घराची कडी वाजवायचे. भांडण करत नसत. दारात उभं राहून म्हणत, "पावणं, तुमच्या मोटारीनं पलीकडं एक बाळंतीण बिनपाण्याची बसलीया. तिचं नाव सांगू का?" नाव ऐकल्यावर मोटार चालू ठेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

माझं लक्ष्मीपुरीत पाईप आणि नळजोडणीच्या सामानाचं दुकान. कागलजवळच्या खेड्यातनं आलो तेव्हा सायकलच्या कॅरिअरला पाने-पकडी बांधून दारोदार विकत होतो. जे उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. सदबा माझ्याकडं वॉशर घ्यायला येत. मी भाव सांगितला की ते काही बोलत नसत. वॉशर तळहातावर ठेवून त्याच्याकडं बघत राहायचे. ना जास्त झालं म्हणायचे, ना जायला निघायचे. शेवटी मीच चिडून भाव उतरवायचो. माझ्याशी एकदाही घासाघीस न करता दर वेळी जिंकलेला तो एकमेव माणूस. मला ते आवडायचं नाही.

नवं शतक लागल्यावर वरच्या एका खात्यातनं योजना आली की शहराचं पाणी तीस वर्षांसाठी एका परदेशी कंपनीकडं द्यायचं. घरोघर मीटर बसणार, गल्लीतले सार्वजनिक नळ बंद होणार, चावीवाले घरी जाणार, आणि नदीवरनं मोटारीनं पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांनी आधी कंपनीला विचारायचं. तेव्हा असल्या गोष्टी जगभर चालल्या होत्या. आमच्याकडं बियाण्याच्या पेटंटविरुद्ध मोर्चे निघून गेले होते, आता पाण्याची पाळी.

विरोध सगळ्यांचा होता, पण एकत्र कुणाचाच नव्हता. एकाच संध्याकाळी बिंदू चौकात तीन सभा लागल्या. लाल झेंड्याच्या प्राध्यापकांची एक, शेतकऱ्यांचे पुढारी माने पाटील यांची दुसरी, आम्हा व्यापाऱ्यांची तिसरी. तिन्हीकडं कर्णे, तिन्हीकडं तोच विषय, आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना. प्राध्यापक जागतिक भांडवलाबद्दल बोलत होते तेव्हा आमच्या कर्ण्यातनं हलगीच्या पथकाला पुढं या म्हणून सांगत होते. सदबा चौकाच्या मधोमध सायकल धरून उभे होते. मी घाम पुसत खाली उतरलो तर म्हणाले, "शेठ, तीन व्हॉल्व एकदम उघडलं की पाणी कुठंच चढत न्हाय."

"मग बंद कुणी करायचा? आम्ही का म्हणून?"

"बंद कशाला? पाळी लावायची. बुधवारी आमच्या विहारात या."

त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात खुर्ची नव्हती. एक मोठं जाजम, त्याच्यावर सगळ्यांनी गोल बसायचं. माने पाटील दारात घुटमळले. त्यांच्या घराण्यातलं त्या वस्तीत कुणी आलेलं नव्हतं. चहा आला तेव्हा म्हणाले, "आत्ताच झाला." सदबांनी आग्रह केला नाही. कप त्यांच्यापुढं ठेवला आणि बैठकीचा नियम सांगितला.

"हितं कुणी आपली मागणी बोलायची न्हाय. आपल्या उजव्या हाताला जो बसलाय त्याची बोलायची. त्यानं 'व्हय, हेच' म्हटलं की झालं. न्हाय म्हटला तर पुढच्या बुधवारी पुन्हा."

प्राध्यापक हसले. "सदबा, हा काय खेळ आहे का?"

"खेळ तर खेळ. तुमच्या उजवीकडं माने पाटील हायत. बोला."

प्राध्यापकांनी शेतकऱ्यांवर पुस्तकं वाचलेली होती. पंधरा मिनिटं बोलले. माने पाटील ऐकून घेऊन म्हणाले, "ह्यात माझी मोटार कुठं हाय? मला रात्री लाईट येती, पाणी उचलायला बांधावर जागावं लागतं, आणि आता कंपनीच्या साहेबाला विचारायला शहरात यायचं. हे बोला की." प्राध्यापकांनी वहीत लिहून घेतलं. मोठा माणूस, पण लिहून घेतलं. मग माने पाटलांची पाळी. त्यांच्या उजवीकडं साक्षात सदबा. चावीवाल्यांची नोकरी गेली तर काय होईल हे माने पाटलांनी बोलायचं. ते जाजमाची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "ह्यांचं काम गेलं तर..." आणि थांबून सदबांना विचारलं, "पहाटे किती वाजता उठता तुम्ही?" त्या प्रश्नापासून आमची आघाडी सुरू झाली असं मी मानतो. बोलता बोलता माने पाटलांनी गार झालेला चहा संपवला. त्यांच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं, आणि सदबांच्याही, कारण त्यांनी दुसरा गरम मागवला.

माझ्या उजवीकडं सुलाक्का होती. मंडईत भाजी विकणारी, गल्लीच्या नळावर भरणाऱ्या बायकांची पुढारी. तिची मागणी सोपी, सार्वजनिक नळ राहिले पाहिजेत. मी खणखणीत आवाजात मांडली. शेवटी म्हणालो, "अगदीच अडलं तर निम्मे नळ तरी राहू देत."

"न्हाय," सुलाक्का म्हणाली. "हे माझं न्हाय."

पुढच्या बुधवारी मी आणखी जोरात मांडलं. शेवटी म्हणालो, "निदान मोठ्या वस्त्यांतले वीस नळ."

"मी वीस कधी म्हटलं?"

"अक्का, बोलणीत खाली यायला जागा ठेवावी लागती."

"ती तुमच्या दुकानात ठेवा. माझ्या नळाला कशाला जागा ठेवताय?"

जाजमावर सगळे हसले. मी उठून निघून गेलो, विहाराचं दार आपटून. तिसऱ्या बुधवारी पुन्हा आलो, कारण सदबा दुकानात येऊन वॉशर तळहातावर घेऊन उभे राहिले होते, आणि ह्या वेळी भाव तर मी सांगितलाही नव्हता. तिसऱ्यांदाही माझ्या तोंडून आकडा निघाला. चौथ्या वेळी मी सगळं म्हणालो, सगळे नळ, एकही कमी नाही. सुलाक्कानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "व्हय. तोंडानं म्हणलासा." मी ते होकारात धरलं. सदबांनी कशात धरलं ते मला पुढं कळलं.

अशी दोन वर्षं गेली. दर बुधवारी बसायच्या जागा बदलायच्या. हळूहळू असं झालं की चौकात माने पाटील नळावरच्या बायकांबद्दल बोलायचे आणि ऊस पिकवणारी माणसं मान हलवायची. सुलाक्का नदीवरच्या मोटारींबद्दल अशी बोलायची की वाटावं हिची दहा एकर आहे. सरकारी माणसं गोंधळली. कुणाचं कोण, तेच कळेना.

त्याच सुमाराला मुंबईत जगभरच्या चळवळींचा मोठा मेळावा भरला. प्राध्यापक, सदबा आणि मी गेलो. सदबांनी चावी बरोबर घेतली. "तिला कशाला?" मी विचारलं. "माझं ओळखपत्र हाय," म्हणाले.

मैदानभर मांडव, ढोल, निरनिराळ्या देशांचे झेंडे. सदबा आत शिरले आणि लगेच कान लावल्यासारखे उभे राहिले. एका मांडवात म्हणत होते, सरकारांशी बोलणी करा, पक्षांना बरोबर घ्या. दुसऱ्यात म्हणत होते, पक्षांना आणि सरकारांना दारात उभं करू नका. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या मांडवात जात नव्हती. प्राध्यापक भाषांतर करून सांगत होते. सदबा म्हणाले, "आपल्यागतच हाय की. फकस्त विंग्रजीत भांडत्यात."

दुपारी दक्षिण अमेरिकेतल्या एका शहरातली बाई बोलली. बाजारात फळं विकणारी. त्यांच्या शहरात पाण्याची कंपनी आली होती आणि लोकांनी ती परत पाठवली होती. सगळे टाळ्या वाजवत होते, विजयाच्या गोष्टी विचारत होते. सदबा चावी टेकत पुढं गेले. ती बाई चावीकडं बघून हसली. तिच्या गावातही असाच माणूस असणार. सदबांनी प्राध्यापकांना म्हटलं, "हिला इचारा, तुमच्यात आधी कोण फुटलं?"

प्राध्यापक ओशाळले. "असं कसं विचारायचं?"

"इचारा की."

प्रश्न दोन भाषांतनं तिच्यापर्यंत गेला. ती हसायची थांबली. मग हळू काहीतरी म्हणाली. उत्तर परत दोन भाषांतनं आलं, "ज्याला त्याचं हवं ते आधी मिळालं, तो."

सदबांनी मान हलवली. परतीच्या एसटीत साताऱ्याला मी जेवायला उठवलं तेव्हा एवढंच म्हणाले, "शेठ, कंपनी आपल्याला हरवायला येणार न्हाय. द्यायला येणार."

तसंच झालं. पुढच्या वर्षी शहर तीन दिवस बंद राहिलं आणि मंत्र्यांनी आम्हाला बोलणी करायला विश्रामगृहावर बोलावलं. चार माणसं, जास्त नाहीत. समितीतल्या प्रत्येकानं गृहीत धरलं होतं की चौघांत मी असणार. मीही नवा सदरा शिवून घेतला होता. मैदानात माणसं जमली होती, झाडाखाली बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. सदबा पायऱ्यांवर थांबले आणि म्हणाले, "आत मी, माने पाटील, प्राध्यापक आणि सुलाक्का."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"आणि मी?"

"तुम्ही भाईर थांबा, शेठ."

"का म्हणून? बोलणी कुणाला येत्यात हितं? त्या बाईला?"

"भाईर बी माणूस लागतो," असं म्हणून ते आत गेले. सगळ्या मैदानासमोर. निघून जाणार होतो, पण खिडकी उघडी होती, आणि आत काय वाटोळं होतंय ते तरी बघावं म्हणून खिडकीखाली उभा राहिलो. म्हणून पुढचं सांगू शकतो.

मंत्री हुशार माणूस होता. आधी माने पाटलांकडं वळला. "पाटील, तुमच्या नदीवरच्या मोटारींना हात लागणार नाही. लेखी देतो. आता तुमचं काही म्हणणं नाही ना?"

मी टाचा उंचावून आत बघितलं. हेच त्यांना चार वर्षं हवं होतं.

माने पाटील म्हणाले, "साहेब, मोटारी ही माझी मागणी न्हाय. माझी मागणी गल्लीतलं नळ. एक बी बंद व्हायचा न्हाय."

मंत्र्यानं पुढचा कागद ओढला. मग सुलाक्काला म्हणाला, "बाई, मग नळांचं तुमच्याशीच बोलू. तुमच्या भागातले सगळे नळ ठेवू."

"माझी मागणी नळाची न्हाय, साहेब. माझी चावीवाल्यांची. एकाची बी नोकरी जायची न्हाय."

"मग मोटारी कुणाच्या?"

"माझ्या," प्राध्यापक म्हणाले. आयुष्यात ज्यांनी विहिरीवरची मोटार चालू केली नव्हती ते प्राध्यापक. "आणि त्या एका पाटलांच्या नव्हेत, नदीकाठच्या सगळ्यांच्या."

मंत्र्याच्या हातात प्रत्येकासाठी एकेक वस्तू होती आणि घेणारा कुणी नव्हता. मग मंत्र्यानं सदबांना विचारलं, "तुमची कुठली?" सदबा म्हणाले, "माझी कुठलीच न्हाय. मी बघायला आलोय, कोण चुकतंय का."

तेवढ्यात मागच्या दारानं मंत्र्यांचा सचिव बाहेर आला आणि सरळ माझ्याकडं आला. त्याला माझं नाव, माझं दुकान, सगळं माहीत होतं. गोड आवाजात म्हणाला, "शेठ, आत ती मंडळी काही ऐकत नाहीत. व्यवहार तुम्हालाच कळतो. किती नळांवर मिटेल? तुम्ही आकडा सांगा. नवी पाईपलाईन पडली तर सामान कुणाकडनं घ्यायचं, तेही तुम्हीच सांगा."

खरं सांगतो, माझ्या जिभेवर आकडा आला होता. तो तिथं नेहमीच असतो. पण मी इतका चिडलेला होतो, आत बसलेल्या चौघांवर, सदबांवर, नव्या सदऱ्यावर, की त्या माणसावर खेकसलो, "आकडा माझ्याकडं न्हाय. मला कुणी इचारलंय का? आत बाई हाय, तिला जाऊन इचारा." हे मी तत्त्वानं म्हणालो नाही. रागानं म्हणालो. सचिव आत गेला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, आणि मंत्र्याच्या कानाशी तो जे बोलला त्यानंतर दहा मिनिटांत योजना मागे घेतल्याचा कागद टाईप व्हायला गेला.

बायकांनी घागरी वाजवल्या. तो आवाज मी कधी विसरणार नाही. शेकडो रिकाम्या घागरी, आणि हलगी त्यांच्यामागं धावतेय. माने पाटलांना लोकांनी खांद्यावर घेतलं आणि त्यांनी वरनं ओरडून सुलाक्कालाही उचलायला सांगितलं. फोटो काढणारे आले. पायऱ्यांवर चौघं उभे राहिले. मला कुणी बोलावलं नाही. मिरवणूक निघाली तेव्हा मी मागं होतो आणि तरीही माझा घसा बसला. रागावलेला माणूस नाचू शकत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बिंदू चौकात पोहोचलो तेव्हा लोक सदबांना शोधत होते. ते नव्हते. उत्तरेकडच्या भागाची संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली होती, ते व्हॉल्व उघडायला गेले होते.

त्यानंतरही बुधवारच्या बैठका चालू राहिल्या, मीही जायचो, पण तीन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. ते वॉशर घ्यायला आले की पोराला पुढं करायचो असंही नाही. मीच द्यायचो, पण भाव न सांगता. ते जेवढं ठेवतील तेवढं घ्यायचो. त्यांना ते समजत असणार.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात ते पहाटे आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दिसले. झाकण उघडलेलं, चावी आत. मी फिरायला निघालो होतो. थांबलो आणि म्हणालो, "सदबा, एकदा सांगून टाका. मला आत का न्हेलं न्हाय?"

ते सरळ झाले. "बसा," म्हणाले, आणि कट्ट्याकडं बोट केलं. मी बसलो. ते माझ्या डाव्या हाताला बसले. "म्हंजे आता तुम्ही माझ्या उजवीकडं. तुमचं मी बोलतो."

आणि त्यांनी माझी तक्रार मांडली. सायकलवरनं पकडी विकलेल्या माणसाला कुठंतरी आत बसवून घेतलं जावं असं किती वर्षं वाटत होतं, ते. नवा सदरा. मैदानातल्या बायकांनी माझ्याकडं बघितलं ते. घरी जाऊन मी जेवलो नाही हेही त्यांना माहीत होतं. मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यांचं बोलणं झालं तेव्हा मला म्हणावंच लागलं, "व्हय. हेच."

"आता माझं तुम्ही बोला."

"तुम्हाला वाटलं मी विकला जाईन."

"न्हाय."

"तुम्हाला वाटलं, ते मला गाठायला भाईर येतील."

"ते वाटलं. पण हे माझं न्हाय."

गल्लीतली एक बाई कळशी ठेवून नळाजवळ उभी होती. नळ कोरडा होता अजून. मी तिच्याकडं बघत राहिलो. मग म्हणालो, "शेठला आत न्हेला असता तर त्यानं वीस नळ वाचवलं असतं, आणि भाईर येऊन जिंकलो म्हणून सांगितलं असतं. आणि आपण सगळ्यांनी ते खरं मानलं असतं."

सदबा उठले. "व्हय," म्हणाले. "हेच."

"तरी माझा राग हाय, सदबा."

"असूं दे की. राग असलेला माणूस बैठकीला येतो. तुम्ही एक तरी बुधवार चुकवलासा का?"

त्यांनी चावी फिरवली. वाकले, मुठीला कान लावला, डोळे मिटले. मग बाजूला सरकून मला जागा दिली. मी कान टेकवला. लोखंड गार होतं. आधी काही नाही, मग खाली लांबून काहीतरी सरकत येत असल्यासारखा आवाज, वाढत वाढत जाणारा. तेवढ्यात सदबांनी झाकण लावायला घेतलं, चावी खांद्यावर टाकली आणि पुढच्या गल्लीकडं चालू लागले. चावीसकट मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं पाठमोरं. माझ्यामागं नळाखालच्या कळशीत पाणी पडायला लागलं होतं.